बेसबॉलचं अंपायरिंग शिकायचंय? शाळेची फी भरण्याआधी हे वाचा

ऑक्टोबर संपत आला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. कुणाचा मुलगा, कुणाची नुकतीच कॉलेज संपवलेली भाची. प्रश्न एकच असतो: "दादा, अंपायरिंग नीट शिकायचंय, शाळा कुठली घेऊ?" फोनवर निम्मंच सांगून होतं आणि नेमकं महत्त्वाचं राहून जातं, म्हणून या वेळी सगळं लिहूनच काढतो आहे.

मी बाराव्या वर्षी कोल्हापूरहून न्यू जर्सीला आलो. सतराव्या वर्षी घराजवळच्या लिटल लीगच्या मैदानावर अंपायर कमी पडत होते म्हणून उभा राहिलो आणि तिथलाच झालो. पाचेक वर्षं लहान मुलांचे सामने केल्यावर एका जानेवारीत फ्लोरिडाला जाऊन पूर्ण मुदतीचा कोर्स केला. व्यावसायिक लीगसाठी माझी निवड झाली नाही. आज हायस्कूलचे आणि कॉलेजचे सामने करतो, आणि त्या कोर्समधलं काही ना काही प्रत्येक सामन्यात कामी येतं.

शाळा निवडताना बाकी काही नाही विचारलंत तरी एवढं विचाराच: रोज किती वेळ मी स्वतः मैदानावर उभा राहणार, आणि माझी चूक मला कोण, किती लगेच दाखवणार? अंपायरिंग पाहून येत नाही. उभं राहून, चुकून आणि लगेच टोकलं जाऊन येतं.

१. कुठवर जायचंय ते आधी ठरवा

रस्ते तीन आहेत आणि तिन्हींच्या शाळा वेगळ्या.

पहिला रस्ता व्यावसायिक बेसबॉलचा. फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्स लीगपासून सुरुवात, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि सगळ्यात वर मेजर लीग. वर जागा किती? चौघांच्या एकोणीस तुकड्या, म्हणजे ७६ पूर्णवेळ अंपायर. त्यातला कुणी निवृत्त झाला की खालचा एक वर सरकतो. मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजरच्या खालच्या या सगळ्या पायऱ्यांवर, सात ते दहा वर्षं काढणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तेवढी काढूनही वर जाण्याची खात्री नाही. ९ ऑगस्ट २०२५ला अटलांटात जेन पावोल पहिल्या बेसवर उभ्या राहिल्या. मेजर लीगच्या नियमित हंगामातल्या सामन्यात अंपायर झालेल्या त्या पहिल्या महिला. मायनर लीगमधला त्यांचा पहिला हंगाम होता २०१६चा. त्यांच्या आधी पॅम पोस्टेमांनी १९७७मध्ये डेटोना बीचच्या शाळेत शिकून मायनर लीगमध्ये तेरा हंगाम काढले, ट्रिपल-एपर्यंत पोचल्या, पण शेवटचं दार त्यांच्यासाठी उघडलं नाही. मुली मला विचारतात तेव्हा मी ही दोन्ही नावं सांगतो.

दुसरा रस्ता हायस्कूल आणि कॉलेजचा. नोकरी सांभाळून करता येतो, सामन्यागणिक मानधन मिळतं. तिसरा लिटल लीगचा. तिथे अंपायर परंपरेने स्वयंसेवक असतात, आणि सुरुवात करायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

ज्याने आयुष्यात एकही सामना केलेला नाही त्याने थेट महिनाभराची शाळा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी एक हंगाम लहान मुलांचे सामने करा. पालकांचा आरडाओरडा ऐकूनही दुसऱ्या शनिवारी पुन्हा जावंसं वाटलं, तर पुढचं वाचा.

२. व्हिसाचं आत्ताच बघा

ही पायरी आपल्या लोकांसाठी खास, कारण इंग्रजीतल्या माहितीपत्रकांत ती सापडत नाही.

सामन्याचं मानधन ही कमाई आहे. एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) तुम्ही फक्त तुमच्या प्रायोजक कंपनीचं काम करू शकता. शनिवारच्या सामन्याचे ऐंशी डॉलर घेतले तरी ते परवानगीबाहेरचं काम ठरतं. एच-४वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) कामाचा परवाना नसेल तर तेच. एफ-१वरच्या विद्यार्थ्यांनीही "थोडेच तर पैसे आहेत" असं म्हणून उतरू नये. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर प्रश्न नाही. बाकीच्यांनी इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारा, फी नंतर भरा. खऱ्या अर्थाने विनामोबदला लिटल लीगमध्ये उभं राहणं हा वेगळा भाग, पण तिथेही "पेट्रोलचे म्हणून" काही घेऊ नका.

मानधन घेण्याचा हक्क असेल तर बहुतेक ठिकाणी तुम्ही कंत्राटदार म्हणून धरले जाता. कर कापून मिळत नाही, तो वर्षाअखेरीस स्वतः भरायचा असतो. साहित्याच्या पावत्या जपून ठेवा.

३. शाळांचे प्रकार ओळखा

अंपायरांची पहिली शाळा नॅशनल लीगचे (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक) अंपायर जॉर्ज बार यांनी १९३५मध्ये आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्जला काढली. तेव्हापासून रीत पडली ती अशी: मेजर लीगमधला अनुभवी अंपायर हिवाळ्यात उबदार गावी शाळा काढतो आणि मायनर लीगचे अंपायर तिथे शिकवायला येतात. आज या परंपरेतली नाव टिकवून असलेली शाळा म्हणजे फ्लोरिडातली वेंडेलस्टेट अंपायर स्कूल. अल सोमर्स यांची शाळा हॅरी वेंडेलस्टेट यांनी १९७७मध्ये हाती घेतली. आता त्यांचा मुलगा हंटर, जो स्वतः मेजर लीगमध्ये अंपायर आहे, ती चालवतो. इथला कोर्स जानेवारीत सुरू होतो आणि महिनाभराचा असतो.

दुसरा प्रकार खुद्द मेजर लीगच्या शिबिरांचा. पूर्वी व्यावसायिक लीगचा रस्ता या खासगी शाळांमधूनच जायचा. २०२१मध्ये मायनर लीगचा कारभार मेजर लीगकडे आला आणि निवडीची पद्धत बदलली. आता वेगवेगळ्या शहरांत एक दिवसाची मोफत शिबिरं होतात. तिथे ज्यांच्यात काही दिसतं त्यांना फ्लोरिडात व्हेरो बीचच्या महिनाभराच्या शिबिराला बोलावतात. व्यावसायिक व्हायचंच असेल तर माझा सल्ला: आधी या मोफत शिबिरात जाऊन या. एका दिवसात तुम्हालाही कळतं की आपण कुठे आहोत.

तिसरा प्रकार स्थानिक. हायस्कूलच्या अंपायर संघटना हिवाळ्यात नवोदितांसाठी संध्याकाळचे वर्ग घेतात. लिटल लीगच्या विभागीय केंद्रांवर, जसं आमच्या पूर्व विभागाचं कनेटिकटमधलं ब्रिस्टल, अंपायरांची शिबिरं होतात. ज्यांना व्यावसायिक व्हायचं नाही त्यांच्यापैकी निम्म्यांना तरी एवढं पुरतं.

इथला सापळा म्हणजे जुनी माहिती. किसिमीची जिम इव्हान्स अकॅडमी एकेकाळी फार नावाजलेली होती, ती बंद झाली. मायनर लीगने २०१२मध्ये व्हेरो बीचला स्वतःची शाळा काढली होती, तीही आता त्या रूपात नाही. जुने अंपायर प्रेमाने हीच नावं सांगतात. "पहिले आलेले सरळ मायनर लीगमध्ये जातात" हे वाक्यही त्याच काळातलं. शाळेला तोंडी नव्हे, लेखी विचारा: तुमच्याकडून शिकल्यावर निवडीचा रस्ता या वर्षी नेमका कसा आहे?

४. फी भरण्याआधी हे विचारा

माझे पैसे एकदा वाया गेले आहेत, ते सांगतो. मोठ्या कोर्सच्या आदल्या वर्षी मी एका दोन दिवसांच्या शिबिराला गेलो. माहितीपत्रक देखणं, छायाचित्रं मोठ्या स्टेडियमची. प्रत्यक्षात चाळीस जण आणि मैदान एक. पहिला अख्खा दिवस खुर्चीवर बसून भाषणं ऐकण्यात गेला. दुसऱ्या दिवशी होम प्लेटमागे (बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो ती पट्टी) माझी पाळी आली तेव्हा मी मोजले: अकरा चेंडू. अकरा चेंडूंनंतर "छान, पुढचा" एवढं म्हणून मला बाजूला केलं. काय छान होतं आणि काय चुकलं, काहीच कळलं नाही. त्यानंतर मी प्रश्नांची यादी केली, आणि ती आजही सगळ्यांना देतो.

एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती? आठ-दहापर्यंत ठीक. त्याच्यापुढे तुम्ही रांगेतच उभे राहाल.

प्रशिक्षक कोण? मोठ्या नावाचा अंपायर उद्घाटनाला येऊन जातो आणि रोज शिकवणारे दुसरेच असतात. रोज शिकवणारे सध्या कुठल्या पातळीवर काम करतात ते विचारा.

दोन अंपायरांची पद्धत किती दिवस शिकवता? हा प्रश्न मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. टीव्हीवर चार अंपायर दिसतात. मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर आणि हायस्कूलला दोघांनीच मैदान सांभाळायचं असतं. दोघांना चार बेस बघायचे म्हणजे कोण कधी कुठे धावणार हे हाडात भिनलेलं लागतं.

खरे सामने मिळतात का? सरावात धावणारे तुमचेच मित्र असतात. समोरचा कॉलेजचा कोच चिडून अंगावर येतो तेव्हाची गोष्ट वेगळी. चांगली शाळा आसपासच्या कॉलेज-हायस्कूलचे सामने मिळवून देते, आणि कोचची भांडणं सरावात मुद्दाम घडवूनही आणते.

व्हिडिओ काढता का, आणि तो माझ्यासोबत बसून कोण बघणार? नुसता काढून उपयोग नाही.

शेवटी लेखी मूल्यमापन मिळतं का? कॉलेजच्या अंपायर नेमणाऱ्यांना दाखवायला हा कागद कामाला येतो.

आणि गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांचे फोन मागा. एक निवड झालेला, एक न झालेला. शाळेने दुसऱ्याचा द्यायला कां-कूं केली तर मी तिथे पैसे भरणार नाही.

५. तिथे काय शिकवतात, म्हणजे काय शोधायचं ते कळेल

माझा दिवस सकाळी नियमांच्या वर्गाने सुरू व्हायचा. दुपार मैदानावर, संध्याकाळी पुन्हा पुस्तक.

पहिले दोन दिवस आम्ही चेंडू पाहिलाच नाही. रांगेत उभं राहून नुसते हात: स्ट्राइक, सेफ, आउट. मग मास्क. मास्क डाव्या हाताने काढायचा, कारण निर्णयाचा हात उजवा. डाव्याच मुठीत चेंडू मोजायचं इंडिकेटर असतं, ते पडता कामा नये. आणि मास्क निघताना डोक्यावरची टोपी हलता कामा नये. ऐकायला किरकोळ वाटतं. पण टोपी डोळ्यांवर आली त्या अर्ध्या सेकंदात चेंडू फाउल पडला की आत, हे हुकतं. मी खोलीतल्या आरशासमोर रोज रात्री पन्नास वेळा मास्क काढत होतो.

होम प्लेटमागे उभं राहायची जागा म्हणजे स्लॉट, कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) आणि बॅटर यांच्यामधली फट. तिथे हनुवटी कॅचरच्या डोक्याच्या पातळीला ठेवून स्थिर व्हायचं. डोकं हलवायचं नाही, नुसत्या डोळ्यांनी चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत न्यायचा. प्लेट १७ इंच रुंद, चेंडू टाकणारा पिचर ६० फूट ६ इंचांवर. ताशी नव्वद मैलांचा चेंडू ०.४ सेकंदात पोचतो. डोकं हललं तर सतरा इंचांची कड जागची हलते. मोठ्या सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून तीनशेच्या आसपास चेंडू टाकले जातात आणि बॅटरने सोडलेल्या प्रत्येकावर निर्णय द्यावा लागतो: प्लेटवरून योग्य उंचीने गेला तर स्ट्राइक, नाही तर बॉल. क्रिकेटमध्ये अपील झाल्यावर बोलायची सवय असलेल्या आपल्या माणसाला हा बदल पहिल्या आठवड्यात थकवतो.

पण क्रिकेटची एक सवय मला उपयोगी पडली. पहिल्या बेसवर धावणारा आणि चेंडू एकदम पोचतात तेव्हा दोन्हींकडे एकाच वेळी बघता येत नाही. म्हणून डोळे बेसवर, धावणाऱ्याच्या पायावर, आणि कान चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याच्या आवाजाकडे. आवाज आधी की पाय आधी, एवढंच. बॅटची कड लागल्याचा आवाज ऐकायला ज्याने कान तयार केलेत, त्याला हे पटकन जमतं. मात्र त्यासाठी थ्रोच्या दिशेशी काटकोन साधून पंधरा-अठरा फुटांवर थांबलेलं असलं पाहिजे. धावता धावता दिलेला निर्णय जवळजवळ नेहमी फसतो.

आणि एक सवय नडली. चेंडू लांब आउटफिल्डला गेला की पहिल्या बेसवरच्या अंपायरने मैदानात आत यायचं आणि गर्रकन वळून बॅटरचा पाय पहिल्या बेसला लागतो का ते बघायचं. याला पिव्हट म्हणतात. मी आत यायचो, वळायचो आणि चेंडूकडे बघत राहायचो, कारण लहानपणापासून नजर चेंडूमागे पळते. प्रशिक्षकाने खेळ थांबवला. ओरडला नाही. जवळ येऊन हळू विचारलं, "त्याचा पाय लागला का?" मला सांगता येईना. त्या दुपारी मी तेवढं एकच वळण घेत राहिलो, उन्ह उतरेपर्यंत. पैसे देऊन विकत घ्यायचं ते हे: नेमक्या क्षणी खेळ थांबवून तो एक प्रश्न विचारणारा माणूस.

लोक विचारतात, आता मशीन आलं, मग अंपायर कशाला? २०२६च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला आव्हान देता येतं. पिचर, कॅचर किंवा बॅटर यांनीच ते मागायचं, संघाला दोन संधी, बरोबर ठरलं तर संधी शाबूत. आपल्या डीआरएससारखंच. पहिला निर्णय माणसाचाच असतो, आणि हायस्कूलच्या मैदानावर तर शेवटचाही.

६. नियम घरूनच पाठ करून जा

मेजर लीगचं अधिकृत नियमांचं पुस्तक मोफत उतरवून घेता येतं. नोव्हेंबरपासून रोज अर्धा तास द्या. सुरुवात व्याख्यांपासून करा, पहिल्या पानापासून नको. इन्फिल्ड फ्लाय (आतल्या मैदानात उंच उडालेल्या सोप्या झेलाचा नियम), बॉक (पिचरची नियमबाह्य हालचाल), धावणाऱ्याला केलेला अडथळा आणि धावणाऱ्याने केलेला अडथळा, अपील, चुकीच्या क्रमाने आलेला बॅटर, या सहा विषयांवर माझ्या वर्गातले बहुतेक जण अडखळले.

हायस्कूलचे आणि व्यावसायिक नियम वेगळे आहेत हेही ध्यानात ठेवा. हायस्कूलला बॉक झाला की चेंडू तिथल्या तिथे मृत. व्यावसायिक नियमांत बॅटरसकट सगळे निदान एक बेस पुढे गेले तर खेळ तसाच चालू राहतो. महिनाभर एक पुस्तक घोकून आलात की मार्चमधल्या पहिल्या हायस्कूल सामन्यात हीच गफलत होते. शाळा कुठल्या पुस्तकावरून शिकवते ते आधीच विचारून घ्या.

७. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं:
- हायस्कूल डिप्लोमा किंवा जीईडी (त्याला समकक्ष परीक्षा). भारतातली बारावी असेल तर प्रमाणपत्राचं अधिकृत मूल्यांकन करून घ्या, त्याला काही आठवडे लागतात
- ओळखपत्र आणि कामाच्या परवान्याचा पुरावा
- आरोग्य विम्याचं कार्ड. विमा दुसऱ्या राज्यात चालतो का ते फोन करून विचारा
- डोळ्यांच्या तपासणीचा ताजा कागद. चष्मा किंवा लेन्स चालते, पण तिच्यासह नजर २०/२० हवी
- लहान मुलांचे सामने करायचे असतील तर पार्श्वभूमी तपासणी
- वाहन परवाना. गाडीशिवाय या कामात भागत नाही

सामान: मास्क, छातीचं कवच, नडगीचे पॅड, आतला कप, पोलादी टोकाचे प्लेट शूज, बेसवरचे वेगळे काळे शूज, दोन टोप्या (प्लेटसाठी आखूड काठाची), करड्या पँट, चेंडूची पिशवी, ब्रश, इंडिकेटर.

मास्क आणि कप नवेच घ्या, बाकी वापरलेलं चालेल. हंगाम सोडणारे अंपायर सामान स्वस्तात काढतात. शाळा सामान भाड्याने देत असेल तर पहिल्या वर्षी विकत घ्यायची घाई करू नका.

८. पैसे

माहितीपत्रकातली फी म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. राहणं, जेवण, प्रवास, सामान आणि महिनाभराचा बुडालेला पगार मांडा. माझा शेवटचा आकडा फीच्या दुपटीवर गेला. फीमध्ये राहणं धरलं आहे का, खोलीत किती जण, आणि दुखापतीने मध्येच परतावं लागलं तर किती पैसे परत मिळतात, हे लेखी घ्या. कर्ज काढून जाऊ नका. सुरुवातीच्या पातळीवरचा पगार ते फेडण्याएवढा नसतो आणि फक्त हंगामापुरता मिळतो.

९. निवड झाली नाही तर

बहुतेकांची होत नाही. शेवटच्या दिवशी एकेकाला आत बोलावून सांगतात. मला ते दहा मिनिटं नीट समजावून सांगितलं गेलं: निर्णय बरोबर, पण पाय हळू, आणि कोच चढल्यावर आवाज खाली जातो. मी ते तसंच वहीत उतरवलं.

घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात स्थानिक हायस्कूल संघटनेकडे नाव नोंदवा. त्यांच्या परीक्षा आणि बैठका फेब्रुवारीतच उरकतात, ती वेळ गेली की वर्ष जातं. मूल्यमापनाचा कागद सोबत न्या. सुरुवातीला नववी-दहावीच्या संघांचे सामने देतील, ते घ्या. नेमणूक करणाऱ्याला एखाद्या शनिवारी ऐनवेळी माणूस कमी पडला आणि तुम्ही वीस मिनिटांत पोचलात, तर पुढच्या यादीत तुमचं नाव वर असतं.

प्लेट शूज मात्र आजच मागवा. पोलादी टोकाचा नवा बूट पहिले पंधरा दिवस पाय सोलून काढतो. रोज संध्याकाळी तासभर घालून घरात फिरा, म्हणजे जानेवारीत पट्ट्या चिकटवत बसावं लागणार नाही.